बगळ्यांची शिदोरी

गढा, जबलपूर
१४ जानेवारी २०२४

चि. विभास,

सप्रेम जयभीम.

तुझे पाचही बगळे काल दुपारी कारखान्यातून निघाले. लॉरी फाटकाबाहेर वळली तेव्हा भय्यासाहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाले, "धूल बहुत है आत्याबाई." कारखान्याचा मालक रडला असं कोणी म्हणू नये, म्हणून मीही म्हटलं, होय जी, फारच धूळ आहे.

तू फोन कर म्हणालीस. पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करत सटकतेस, आणि मला काय सांगायचं होतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून हे पत्र. मी हाताने लिहीन, फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर. टाइप केलेलं मला चालणार नाही. तुझा मराठीचा हात आधीच लंगडा आहे, केनियात जाऊन तो पुरता बसेल.

काल पॅकिंगचा दिवस म्हणजे घरचं लग्नच होतं. ही यंत्रं दिसायला काय, चार उंच पाय, पायांना चाकं, पुढे दोन कॅमेऱ्यांचे डोळे आणि पोटाखाली बियाण्याचा डबा. पण पनागरला बळीराम भैयाच्या शेतात ती वाटाण्याच्या ओळी धरून चालायला शिकली, बी टाकायला शिकली, तण ओळखून उपटायला शिकली. मी दर रविवारी जाऊन बघत होते. लेकरंच झाली ती.

नथ्थू फिटर सकाळपासून दातांचा ब्रश घेऊन बगळ्यांची चाकं घासत होता. मी म्हटलं, "काहून घासून राहिला रे एवढं? नवरीलेबी कोणी एवढी हळद लावत नाही." तर म्हणाला, "आत्याजी, पनागर की मिट्टी का एक कण भी गया तो उधर वाले वापस भेज देंगे." मग भय्यासाहेबांनी मला खोक्यांचं लाकूड दाखवलं. ते म्हणे भट्टीत शेकून वर शिक्का मारलेलं, म्हणजे भारतातली कीड तिकडे जाऊ नये. बॅटऱ्यांची पेटी वेगळी, तिच्यावर धोक्याची चित्रं. दादा गन कॅरेज फॅक्टरीत होता तेव्हा तोफांच्या गाड्यासुद्धा एवढ्या लाडाने गेल्या नसतील.

बरं, तुझा डबा. विमानतळावर तू किती नाक मुरडलंस, "आत्या, स्टीलचा डबा कशाला?" अगं, आपल्या घरातून भांडं रिकामं जात नाही आणि शेजारच्याचं भांडं रिकामं परत जात नाही. आमच्या आईने मला आणि तुझ्या बाबांना एवढी एकच शिस्त लावली. ती तू मोडू नकोस. डबा परत आण, आणि त्यात काहीतरी घालून आण.

बगळ्यांबरोबरही थोडंसं काही दिलं आहे. काय ते आता विचारू नकोस. खोकी उघडशील तेव्हा कळेल.

तुझी,
कुसुम आत्या


नैवाशा, केनिया
२८ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. हे बघ, हाताने लिहिलं. चुका काढायच्या नाहीत.

तुझा चिवडा दोन दिवसांत संपला. मी नाही संपवला, इथल्या बायकांच्या गटाने संपवला. त्या वाटाणा आणि घेवडा पिकवतात, आणि त्यांच्याच शेतात आपले बगळे चालणार आहेत. गटप्रमुख बाईने डब्याचं बूड झटकून शेवटचे शेंगदाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, यंत्रं येताना हे पण येणार का? मी म्हटलं, यंत्रं माझी आहेत, चिवडा आत्याचा. तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा तुझीच चौकशी जास्त करतात.

जागा सुंदर आहे. उंचावर, थंड, माती लालसर. मी रोज शेतात जाऊन ओळींची रुंदी मोजते आणि बगळे इथे कसे वळतील याचं चित्र मनात रंगवते. जहाज गुरुवारी निघालं. फेब्रुवारीच्या मध्याला मोंबासा बंदरात लागेल. तिथून खोकी सोडवून रस्त्याने इथे आणायची. मार्चच्या मध्यावर यांचा मोठा पाऊस सुरू होतो, त्याआधी पेरणी झालीच पाहिजे.

तुला हे भय्यासाहेबांनी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. देशात आपले बगळे लोक बघायला येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ही पाच यंत्रं या पेरणीत चालली तर गट आणखी पंधरा घेणार आहे. नाही चालली, किंवा उशिरा आली, तर भय्यासाहेब पुन्हा पंपांचे सुटे भाग बनवायला लागतील आणि बगळे शेडमध्ये कायमचे झाकून ठेवतील. तसं ते मला निघताना स्पष्टच म्हणाले. रागावून नाही, कसनुसं हसून. आत्या, चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही गं. मला फार भीती वाटते.

आणि तू बगळ्यांबरोबर काय पाठवलंयस? लोणचं नाही ना? बरणी फुटून तेल वायरींवर सांडलं तर मी इथूनच ओरडेन आणि तुला गढ्यात ऐकू येईल. खरं सांग.

तुझी,
विभा


गढा, जबलपूर
३ फेब्रुवारी २०२४

चि. विभा,

जयभीम.

लोणचं नाही. मला काय एवढंही कळत नाही? सांडणारं, गळणारं, वास येणारं काही नाही. कोरडं आहे, स्वच्छ आहे आणि बगळ्यांच्या कामाचं आहे. आता तरी झोप घे.

पंधरा बगळ्यांची गोष्ट मला माहीत होती. भय्यासाहेब बोलले नाहीत, पण मी तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढली आहेत. माणूस खिडकीशी आला की तो लग्नाला चालला आहे की दवाखान्यात, ते मला तो तोंड उघडायच्या आधी समजत असे. भय्यासाहेबांचा चेहरा हल्ली दवाखान्याचा आहे. नथ्थू तर रोज संध्याकाळी मोबाइलवर ते जहाज कुठवर आलं ते बघतो आणि जाता जाता मला सांगून जातो. "आत्याजी, आज समुंदर के बीचोंबीच है." जसा काही तो स्वतःच सुकाणू धरून बसला आहे.

इथे वाटाण्याचे दिवस आहेत. अख्खं जबलपूर शेंगा सोलून राहिलं आहे. शेजारची वसुधा दीदी काल टोपलं घेऊन आपल्या ओट्यावर आली. सोलता सोलता म्हणाली, "कुसुम दीदी, वो तोते के रंग वाली साड़ी आजकल दिखती नहीं?" मी म्हटलं, जुनी झाली. तिला सगळ्या उठाठेवी.

भीती वाटते असं लिहिलंस ते बरं केलंस. वहिनी आणि दादा गेल्यापासून घरात आपण दोघीच, आणि तू भीती वाटली की भांडी घासायला बसतेस. इतक्या लांब तुला कोण भांडी देणार? म्हणून लिहीत जा.

आत्या


मोंबासा
१६ फेब्रुवारी २०२४

आत्या,

जयभीम. रागावू की हसू ते मलाच कळत नाही.

खोकी बंदरात अडकली आहेत. सकाळी मला वनस्पती-तपासणीच्या कार्यालयात बोलावलं. मुथोनी मॅडम म्हणून तिथल्या अधिकारी आहेत, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. त्यांनी चाकं बघितली. नथ्थूच्या ब्रशचं कौतुक केलं. लाकडावरचे शिक्के बघितले, बरोबर. बॅटऱ्या बरोबर. मग त्यांनी टेबलावर एक फोटो ठेवला आणि विचारलं, हे काय आहे?

पहिल्या बगळ्याचा बियाण्याचा डबा उघडा, आणि आत पोपटी कापडाची पुरचुंडी. आंब्याच्या कोयरीच्या काठाची. दुसऱ्यात तीच. पाचही डब्यांत. सोडल्या तर प्रत्येकीत मूठभर वाटाणे, एकसारखे, निवडलेले.

मला विचारायची गरजच पडली नाही, आत्या. त्या काठाला धरून मी चालायला शिकले आहे.

अगं, पण बी नेता येत नाही! परवानगीच्या कागदाशिवाय एक दाणासुद्धा नाही. दाण्याबरोबर रोग जातो, कीड जाते, इथलं पीक बुडू शकतं. त्यासाठीच नथ्थूने चाकं घासली, त्यासाठीच लाकूड शेकलं. आणि आपण डब्यात बीच ठेवून दिलं, वर नीट गाठ मारून. मॅडम म्हणाल्या, चुकून चार दाणे राहिले असते तर समजलं असतं, पण हे कोणीतरी विचार करून ठेवलं आहे. लपवून बी आणण्याचा प्रकार ठरला तर सगळं खोक्यासकट परत जाईल, नाहीतर इथेच नष्ट होईल. परत गेलं तर पेरणी गेली. पेरणी गेली तर पुढचं तुला माहीतच आहे.

मी त्यांना म्हटलं, हे माझ्या आत्याने केलं आहे. त्या म्हणाल्या, मग तिच्याकडून लिहून आणा. कोणी ठेवलं, का ठेवलं, दाणे कुठले, त्यांना काही औषध लावलं आहे का. मंगळवारी निर्णय देतील.

तू लिही. मी इंग्रजी करीन. खरं तेवढंच लिही, फुलवून नको. भय्यासाहेबांना मी अजून कळवलेलं नाही, माझी छाती होत नाही.

विभा


गढा, जबलपूर
१७ फेब्रुवारी २०२४

विभा, बाळा,

काल तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच सरकवून ठेवलं. तुझ्या चार वर्षांच्या कामात मी मूठभर दाण्यांनी असा घोळ घालीन असं स्वप्नातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटतं आहे. एवढं एकदा लिहिते, पुन्हा पुन्हा रडगाणं गात नाही, कारण काम पुढे आहे.

भय्यासाहेबांना मीच सांगितलं. सकाळी ऑटो करून कारखान्यात गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागितलं, ग्लास हातात धरून बसले आणि मग म्हणाले, "आत्याबाई, हमने सब सोचा था. मिट्टी सोची, लकड़ी सोची, बैटरी सोची. बस आपको नहीं सोचा." नथ्थू दारामागे उभा होता. पॅकिंगच्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा झाकण धरून तोच उभा होता, "जल्दी करो आत्याजी, जल्दी करो" करत. तो पुढे आला आणि म्हणाला, "साहब, ढक्कन मैंने पकड़ा था." भय्यासाहेब म्हणाले, "तो अब पकड़े रहो, और आत्याबाई को पनागर ले जाओ." तसे आम्ही बळीराम भैयाकडे गेलो. त्याने बियाण्याच्या मूळ पोत्याचा फोटो दिला, तो सोबत पाठवते. आणि म्हणाला, "दीदी, मेरे मटर में कीड़ा निकले तो मैं खुद केन्या जाऊँगा."

बाईंसाठी लिहिलेलं खाली आहे. मी एकच शब्द खोडला आहे, तो तुला बघायची गरज नाही.

*

मा. अधिकारी बाई यांस,

सप्रेम जयभीम. (विभा, याचा अर्थ त्यांना नीट सांग.)

माझं नाव कुसुम मेश्राम. वय अडुसष्ट. रेल्वेतून निवृत्त. राहणार गढा, जबलपूर.

पाचही यंत्रांच्या डब्यांत वाटाणे मी ठेवले. माझ्या भाचीला माहीत नव्हतं, मालकांना माहीत नव्हतं. नथ्थूने झाकण धरलं, पण मी सांगितलं म्हणून धरलं, तेव्हा त्याला धरू नका. वाटाणे पनागर गावचे बळीराम यांच्या शेतातले आहेत. औषध लावलेलं नाही. मी त्यातले दोन चावून बघितले होते, त्याला आता महिना झाला आणि मी ठणठणीत आहे.

का ठेवले ते सांगते. आमच्या घरातून भांडं रिकामं जात नाही. शेजारणीची वाटी साखरेला आली तर साखरेची जाते, ताकाचं पातेलं परत जाताना त्यात दोन लिंबं तरी जातात. रिकामं भांडं पाठवलं म्हणजे यापुढे आपलं येणं-जाणं नको असं सांगितल्यासारखं होतं. ही यंत्रं पहिल्यांदाच परक्या घरी चालली होती. त्यांचं पोट म्हणजे बियाण्याचा डबाच. तो धुऊन-पुसून, रिकामा करून, वर झाकण लावलेला बघितला आणि मला राहवलं नाही. तुमच्याकडच्या बायकांनी डबा उघडावा आणि त्यांना कळावं, की ही भल्या घरून आली आहेत. एवढाच हेतू. दुसरा काही नाही.

तुमचा नियम मला काल कळला. मी तीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांना नियमच सांगत होते. "बाई, माहीत नव्हतं" म्हणणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून सोडा, असं मी तुम्हाला कोणत्या तोंडाने म्हणू? वाटाणे जाळा. दंड असेल तो सांगा. माझ्यावर रागवा. यंत्रांना मात्र सोडा. त्यांनी काहीही केलेलं नाही.

आपली,
कुसुम मेश्राम


मोंबासा
२१ फेब्रुवारी २०२४

आत्या गं,

जयभीम! सुटले! पाचही सुटले!

काल मी तुझं पत्र इंग्रजीत करून नेलं. मुथोनी मॅडमनी ते चष्मा लावून वाचलं. चेहरा दगडासारखा. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "यंत्रांनी काहीही केलेलं नाही" इथे पोचल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यांनी ते त्यालाही वाचून दाखवलं. आत्या, तुझं पत्र त्या कार्यालयात सगळ्यांनी वाचलं. शिपायानेसुद्धा.

पण बाई तुझ्यासारखीच आहे. हसून झालं, पाणी प्यायली आणि म्हणाली, नियम नियमच. आम्ही अंगणातल्या भट्टीपाशी गेलो आणि माझ्यासमोर वाटाणे जाळले. बळीराम भैयाचे टपोरे वाटाणे गं, तडतड उडत होते, मला गलबलून आलं. मग पाचही डब्यांना धुरी दिली, दोन दिवस बंद ठेवायला सांगितले, आणि तिथेच सुटकेच्या कागदावर सही केली.

सही करताना म्हणाल्या, "माझी आई गावाकडे आहे. तिच्याकडे टोपली घेऊन गेलं तर ती रिकाम्या टोपलीने परत येऊ देत नाही. मी अधिकारी झाल्यापासून तिला दर वेळी सांगते, रताळी देऊ नकोस, रोपं देऊ नकोस, मला लाज आणू नकोस. ती ऐकत नाही. तुमच्या आत्याला सांगा, पुन्हा असं केलं तर मी खोकी खरंच परत पाठवीन. आणि सांगा, निरोप पोचला."

कापडाचे तुकडे त्यांनी उकळून, वाळवून मला परत दिले. रात्री खोलीवर मी ते पसरून बघितले. बाबांनी पहिल्या बोनसमधून तुला घेतलेली साडी ना ही? तू ती एवढी धुतलीस, एवढी जपलीस, आणि माझ्या यंत्रांसाठी फाडलीस. आणि वसुधा दीदीला म्हणे जुनी झाली! आत्या, मी परवा तुझ्यावर किती चिडले. आज ते तुकडे उशाशी घेऊन झोपणार आहे.

उद्या ट्रकबरोबर नैवाशाला निघते.

तुझीच,
विभा


गढा, जबलपूर
२५ फेब्रुवारी २०२४

चि. विभा,

जयभीम.

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्याने वाचलं. भय्यासाहेबांनी सदर बाजारातून खव्याची जलेबी मागवली. नथ्थूने चार खाल्ल्या आणि मग बगळ्यांची आठवण झाली म्हणून रडला.

मुथोनीबाईंना माझा जयभीम सांग. आणि त्यांच्या आईला सांगावं, बाई, लेकीचं ऐका. मी आता ऐकते.

साडीचं काय घेऊन बसलीस? दादा असता तर त्यानेच कात्री आणून दिली असती. तुझं पहिलं यंत्र तुम्ही दोघांनी याच ओट्यावर खोललं होतं, आठवतं? ते माझं शिलाई मशीन होतं, आणि ते अजून नीट शिवत नाही.

आता पेरणीचं कळव. नुसतं "ठीक आहे" लिहू नकोस, सगळं लिही.

आत्या


नैवाशा
१२ मार्च २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. सगळं लिहिते.

परवा सकाळी अख्खा गट शेताच्या बांधावर जमला. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, शेजारच्या गावाचे लोकही. मी पाचही बगळे ओळीत उभे केले आणि बटण दाबलं. पहिली दहा-वीस पावलं काय ऐटीत चालले! आणि मग वारा सुटला. इथली लाल माती म्हणजे नुसतं पीठ. पहिला बगळा थांबला. दुसरा तिरका जाऊन बांधावर चढला. तिसरा गटप्रमुख बाईंच्या मागे लागला, त्या पुढे आणि तो मागे. लोक हसून हसून खाली बसले. मी सोडून सगळे हसत होते.

धूळ कॅमेऱ्यांवर बसली होती. डोळ्यांनाच दिसेना तर ओळ कशी धरतील? पनागरची काळी माती अशी उडत नाही, म्हणून आपल्या ध्यानातच आलं नाही. मी बरोबरच्या कागदी रुमालांनी पुसलं, तर बारीक तंतू काचेला चिकटले, अजूनच धुरकट. ओढणीने पुसलं, ती कसल्या तरी चमकत्या धाग्याची, चरे पडायला लागले. आभाळ भरून येत होतं. आता पाऊस आला तर संपलंच, असं वाटायला लागलं.

आणि मग मला पिशवीतले तुझे तुकडे आठवले. इतक्या वर्षांचं धुतलेलं सूत, त्यात आता उकळलेलं. एकदा फिरवलं आणि काच लख्ख! पाच बगळ्यांना पाच तुकडे. प्रत्येक बगळ्याबरोबर एक बाई चालली, ओळीच्या टोकाला पोचला की त्याचे डोळे पुसायची आणि पाठीवर थाप मारून परत वळवायची. सूर्य मावळायच्या आत पेरणी झाली. काल दुपारपासून पाऊस लागला आहे.

पंधरांची मागणी आज सही होऊन भय्यासाहेबांकडे गेली. आत्या, मी शेतात उभी राहून मोठ्याने रडले आणि मला कोणाचीच लाज वाटली नाही.

तुकडे मात्र परत मिळत नाहीत. बायका म्हणतात, ते आता बगळ्यांचेच. एकीने तर काठाला लाल धाग्याने टीप घातली आहे, सुटू नये म्हणून.

उगवण बघून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघते. एकच काळजी आहे. तुझा डबा. त्यात काय घालून आणू? इथलं बी चालणार नाही, फळ चालणार नाही, आपल्याकडेही कोणीतरी मुथोनीबाई असेलच.

विभा


गढा, जबलपूर
१८ मार्च २०२४

चि. विभास,

सप्रेम जयभीम.

काल भय्यासाहेब घरी आले. मालक होऊन इतकी वर्षं झाली, आपल्या ओट्यावर पहिल्यांदाच बसले. चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलले, आणि मग खिशातून घडी केलेला कागद काढला. मला वाटलं, आता समन्स. तर ती पुढच्या पंधरा बगळ्यांच्या सामानाची यादी होती. त्यात बॅटरी, चाकं, पाने यांच्या खाली त्यांनी नवी ओळ घातली आहे. "कॅमेरा पुसण्यासाठी मऊ सुती कापड, धुतलेले, प्रत्येक यंत्रामागे एक." आणि ते ठेवायची जागा लिहिली आहे, बियाण्याचा डबा. बंदरावर विचारूनही घेतलं म्हणे, उकळलेलं कापड चालतं.

मग खाली बघत म्हणाले, "आत्याबाई, बाज़ार का कपड़ा देखा. वैसा नहीं है. आपके पास पुरानी साड़ियाँ होंगी?"

मी म्हटलं, "भय्यासाहेब, साड्या लय आहेत. पण डब्यात मीच ठेवीन."

बिचारे म्हणाले, "हाँ, पर नथ्थू आपके हाथ देखेगा."

तर आता वसुधा दीदी, कारखान्यातल्या बायका, बळीराम भैयाची म्हातारी, सगळ्यांच्या जुन्या सुती साड्या आपल्या घरी गोळा झाल्या आहेत. मोठं पातेलं चुलीवर चढवलं आहे. नथ्थू प्रत्येक तुकडा उजेडात धरून झटकतो, दाणा-बिणा पडतो का बघायला. मी काही म्हणत नाही. पंधरा बगळे जातील आणि एकाचाही डबा रिकामा जाणार नाही. याहून मला काय हवं?

तुझ्या डब्याचा मी दोन दिवस विचार करून राहिले. चहापत्ती चालेल का, साखर चालेल का, वसुधा दीदीलाही विचारलं. मग काल संध्याकाळी तुझ्या खोलीतली चादर बदलली, खिडकी उघडली, आणि माझं मीच ठरवलं.

डबा रिकामा आण. तू आलीस म्हणजे झालं.

हे मी लिहिलं आहे असं मात्र कोणाला सांगू नकोस.

वाट बघणारी,
कुसुम आत्या